वाचन झालं, प्रकरण कुठे?

प्रश्न : बडोदे संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण या विषयावर मी पीएच.डी. करते. नोंदणी २०२३ची. आठवड्यातले तीन दिवस तासिका तत्त्वावर शिकवते, उरलेले दोन दफ्तरात मोडी लिपीतले कागद वाचते. वह्या भरल्यात, फोनमध्ये शेकडो फोटो आहेत, पण एकही प्रकरण लिहून झालेलं नाही. वेळेचं गणित कसं बसवू?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तुमचा वेळ वाचनात जात नाहीये, तोच कागद दुसऱ्यांदा वाचण्यात जातोय. फोटो काढला म्हणजे काम झालं असं वाटतं आणि लिहायला बसल्यावर मोडी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. म्हणून दफ्तरातला शेवटचा अर्धा तास नवा कागद उघडू नका. त्या दिवशीच्या प्रत्येक कागदाची नोंद करा : दफ्तर व फाइल क्रमांक, तारीख, दोन ओळींत आशय आणि तो कोणत्या प्रकरणात लागेल ते. फोटोच्या फाइलला हाच क्रमांक द्या. अख्ख्या कागदाचं लिप्यंतर नको. अवतरण घ्यायचंय तेवढंच करा.

तारीख तिथेच इसवी सनात मांडा. शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंतच्या तिथींना ७९. गुजराती कागदांतला विक्रम संवत बहुधा कार्तिकी, म्हणजे कार्तिकात सुरू होणारा असतो : कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, पुढे ५६. हे मागे ठेवलं की घटनांचा क्रमच उलटतो, आणि ती चूक सापडते नेमकी टंकन झाल्यावर.

लेखन सकाळी, आठवड्यातून पाच दिवस, दीड तास. समोर फक्त नोंदी. फोटो आणि इंटरनेट बंद. शंका आली तर ‘तपासा’ लिहून पुढे जा. एक तळटीप शोधायला उठलात की ती सकाळ गेलीच! रोज २०० शब्द झाले तरी आठ हजार शब्दांचा कच्चा खर्डा आठ आठवड्यांत होतो. ‘तपासा’च्या खुणा शनिवारी एकत्र निस्तरा. उठताना पुढचं वाक्य अर्धवट सोडा, दुसऱ्या दिवशी सुरुवात सोपी जाते.

प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका, ती शेवटी लिहायची असते. सक्तीच्या शिक्षणाचा १८९३चा अमरेली तालुक्यातला प्रयोग आधी घ्या. प्रदेश लहान, काळ आखीव. १९०६ला सक्ती संस्थानभर लागू झाली, तो पसारा नंतर.

मुदतीचं म्हणाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणीची दोन आणि महिलांसाठीची आणखी दोन वर्षं वेळापत्रकात धरू नका, ती आजारपण-बाळंतपणासाठी राहू देत. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावीच लागते. तिथे ‘वाचन चालू आहे’ असं सांगण्याऐवजी अमरेलीची पहिली दहा पानं ठेवा, कच्ची असली तरी.