आभार कसले मानतोस?

अरे बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा झोपायच्या आधी आणि एकदा पहाटे, कारण मधे झोप लागलीच नाही. ट्रिपला सगळ्या पोरांत मिळून दोन खोल्या आणि तुला एकट्याला वेगळी, "तुझ्या सोयीसाठी". आणि हे ठरवणारा कोण, तर तोच मित्र ज्याने, तू माझ्यासारखाच ट्रान्स असल्याचं सांगून नाव बदललंस तेव्हा, अख्ख्या ग्रुपला दम दिला होता की जुनं नाव कोणी काढायचं नाही. तुला राग आलाय आणि राग आल्याची लाज पण वाटतेय. शेवटी म्हणालास, "ताई, त्याने एवढं केलंय माझ्यासाठी, मी कुठल्या तोंडाने बोलू?"

खोलीचं नंतर बघू, आधी हे वाक्य धर.

काय केलं रे त्याने? तुला तुझ्या नावाने हाक मारली. ग्रुपमधल्या प्रत्येकाला तो त्याच्या त्याच्या नावानेच हाक मारतो ना, त्यातलं कोणी आभार मानायला जात नाही. तू मानलेस, वर मानतच राहिलास. आणि एकदा आभार मानले की डोक्यात उधारीची वही उघडते, मग समोरच्याने सोय म्हणून काहीही हातात ठेवलं तरी गपचूप घ्यावं लागतं. जे तुझंच आहे त्याचे आभार मानायचे नाहीत. कळलं? नसेल कळलं तर पुढे अजून दहा वेळा सांगणार आहे.

माझी एक मैत्रीण होती. ऑपरेशनच्या वेळी रात्रभर उशाशी बसलेली, माझ्या नावावरून लोकांशी भांडलेली. जीव लावायची, खोटं नाही बोलणार. पण आपल्या भाषेत ना लपायला फार जागा नाही, आलीस म्हणा नाहीतर आलास, तोंड उघडलं की समोरच्याला बाई मानता की पुरुष ते कळतं. तरी लपणारे जागा शोधतातच. तिच्या सासरचे समोर असले की ही मला "कधी आलीस" न विचारता "कधी निघणार" विचारायची, "जेवलीस का"च्या जागी "काही खाल्लंस का". नाहीतर एकदम "तुम्ही बसा ना". कॉलेजपासून अगं-तुगं करणारी बाई, आणि मला तुम्ही! सासरचे उठून गेले की परत आलीस-गेलीस सुरू. मला सगळं ऐकू यायचं. वर मलाच वाटायचं, बिचारी किती सांभाळून घेते.

मग तिला मुलगी झाली, मावशी म्हणायची मला. पोर शाळेत जायला लागली तशी एक दिवस ही म्हणाली, तिला आता प्रश्न पडतात गं, थोडे दिवस घरी नको येऊस, आपण बाहेर भेटू. आणि मी काय म्हणाले माहितीये? "स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस, थँक्यू." थँक्यू! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि हे एकट्या माझ्या मैत्रिणीचं नाही, समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या अख्ख्या चळवळीचं आहे. सिल्विया रिव्हेरा ऐकून असशील, आपल्या लोकांसाठी लढणारी अमेरिकेतली कार्यकर्ती. १९७३ ला न्यूयॉर्कच्या प्राइड रॅलीत ती स्टेजवर गेली, तुरुंगात मार खाणाऱ्या आपल्या लोकांबद्दल बोलायला, तर समोरून हुर्यो. ती गर्दी काही शत्रूंची नव्हती. पुढे २००२ ला त्याच राज्यात समलिंगी लोकांना नोकरीत, घर मिळवताना संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्यातून ट्रान्स लोक वगळलेले. म्हणणं काय, तुम्हाला घेतलं तर मतं कमी पडतील, आधी आम्ही पुढे जातो मग तुमचं बघू. ते "मग" उगवायला २०१९ उजाडलं, १७ वर्षं! २००७ ला तर कमालच, अमेरिकेच्या संसदेत नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या बिलातून मतांसाठी आपल्याला काढलं, खालच्या सभागृहात २३५ विरुद्ध १८४ ने पास केलं, आणि सिनेटमध्ये ते बिल अडकलं ते अडकलंच. आपल्याला सोडलं आणि त्यांच्याही हाती धुपाटणं. ही माणसं वाईट होती का? नव्हती रे. त्यांची सोबत खरीच होती, फक्त स्वतःचं काही जायची वेळ येईपर्यंतची होती.

आता तू म्हणशील, त्याने खरंच माझी सोय बघितली असेल. असेलही. वेगळी खोली काही जणांना हवी असते, मला स्वतःला लागते, घोरते मी. पण मग बुक करायच्या आधी तुला विचारायला त्याचं काय जात होतं?

मागच्या वर्षी तिचा फोन आला होता, मैत्रिणीचा. बऱ्याच वर्षांनी. मी नाही उचलला. लोक म्हणतात मी कडवट झालेय, माणसं तोडते, एवढी साथ दिलेल्या बाईशी असं वागतात का. त्यांना काय जातंय म्हणायला. मी बरोबरच केलं. आणि खरं सांगू का, फोन वाजत होता तेव्हा भीती वाटली की उचलला तर तोंडातून पहिलं हेच निघेल, थँक्यू गं, आठवण ठेवलीस. सवय जात नाही रे. म्हणून वाजू दिला. तिची मुलगी आता साधारण तुझ्याच वयाची असेल.

तू एवढा उशीर करू नकोस. पैसे भरायच्या आधी त्याला समोर बसवून विचार की सोय नक्की कोणाची. मेसेजवर नको, तिथे माणूस विचार करून गोड लिहितो. त्याने आधी काय काय केलं याची यादी तू स्वतःहून वाचायला बसू नकोस, आणि आवाज चढला तर चढू दे, मागून सॉरीचा मेसेज टाकायचा नाही. झालं की फोन कर, कितीही वाजले असले तरी चालेल. तुझा उचलते मी.

ताई