ओळ ४ मध्ये काय झालं होतं?

माई, सप्रेम नमस्कार.

मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. केली आहे आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या संशोधन विभागात सहा वर्षं काम करतोय. द्राक्षमण्यांची फुगवण वाढवणारं एक टॉनिक आम्ही तयार केलंय. दीड वर्षापूर्वी आमच्यावर नवे मॅनेजर आले. याआधी ते टाइल्सच्या विक्रीत होते. आल्या आल्या त्यांनी संशोधनाला टाइमशीट लावलं. दर अर्ध्या तासाला काय केलं ते भरायचं. त्यात ‘विचार केला’ असा रकाना नाही, म्हणून मी ‘मीटिंग’ असं भरतो. दर सोमवारी दहा वाजता रिव्ह्यू असतो आणि तिथे प्रयोग किती टक्के पूर्ण झाला ते सांगावं लागतं. एकदा मी म्हटलं, वेलीला अजून फुलोराच आलेला नाही. तर म्हणाले, ‘मग तो फास्ट-ट्रॅक करा.’

आता त्यांना हे औषध ऑक्टोबर छाटणीच्या आत दुकानांत हवंय. माझ्याकडे दोन हंगामांचा डेटा आहे, मला तिसरा हंगाम हवाय. ‘अजून ठामपणे सांगता येत नाही’ असं मी म्हटलं, तर म्हणाले, ‘हे वाक्य स्लाइडमध्ये बसत नाही.’ माझाच आलेख पडद्यावर लावून ते मला गप्प करतात. खरं तर आलेख व्यवस्थित आहे. प्लॉट मिरज-पंढरपूर रस्त्यालगत आहे, आठ ओळी, चार औषधाच्या आणि चार बिनऔषधाच्या. नोंदी प्लॉटवरच्या बाई वहीत करतात. मागच्या हंगामात त्यांनी औषधाच्या ओळ ४ पुढे ‘पानं कडंनं करपली, सावलीकडं न्हाई’ असलं काहीतरी लिहिलं होतं, पण ते आपल्या पॅरामीटरमध्ये बसत नाही, म्हणून ती ओळ आउटलायर, म्हणजे बाकीच्यांशी न जुळणारी, धरून सरासरीतून काढली. तो मुद्दा नाही. मुद्दा हा की विज्ञान न कळणारी माणसं विज्ञानावर निर्णय घेतात. चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या इंजिनिअरांचं कुणी ऐकलं नाही, तेच माझं होतंय. राजीनामा देऊ, की थेट डायरेक्टरांना ईमेल करू?

– एक हताश संशोधक, सांगली

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या साहेबांचा राग आला. दुसऱ्यांदा तुमचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

साहेबांचं आधी उरकते. ते चुकताहेत. छाटणीपासून काढणीपर्यंत वेलीला चार-साडेचार महिने लागतात आणि कुठल्याही रिव्ह्यूनं त्यातला एक दिवस कमी होत नाही. एखाद्या वर्षी नेमका फुलोऱ्यात पाऊस होतो, एखाद्या वर्षी होत नाही, म्हणून तिसरा हंगाम मागणं हे तुमचं कामच आहे. टाइमशीटमध्ये ‘विचार केला’ म्हणून रकाना नसणं ही त्या कंपनीला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. त्यांच्याबद्दल माझं म्हणणं एवढंच.

आता त्या वाक्याकडे या, जे लिहून तुम्ही लगेच ‘तो मुद्दा नाही’ म्हणालात.

‘पानं कडंनं करपली, सावलीकडं न्हाई.’ मोजून पाच शब्द. त्यात काय काय सांगितलंय ते बघा. पान सगळं जळलेलं नाही, कड जळली आहे. रोगानं पान जातं तेव्हा ते असं दिसत नाही. डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग; डावणीचे आधी तेलकट डाग येतात, भुरीची पांढरी पावडर दिसते. कड जळते, कारण फवारलेलं पाणी ओघळून कडेला थांबतं, तिथंच आटतं आणि आटताना दाट होत जातं. आणि सावलीच्या बाजूला करपा नाही, म्हणजे जिथं ऊन लागलं, थेंब भराभर सुकले, तिथंच पान पोळलं. हे बाईंनी तुम्हाला वहीत लिहून दिलं होतं: कुठल्या ओळीत, पानाच्या कुठल्या भागावर, वेलीच्या कुठल्या बाजूला. तुमच्या पूर्ण पत्रात विज्ञान असलेलं वाक्य हे एकच आहे आणि ते तुमचं नाही.

तुम्ही त्याला ‘असलं काहीतरी’ म्हणालात.

मग ती ओळ काढून टाकलीत. औषध मारलेल्या ओळी चार, त्यातली एक गेली. त्या हंगामातला पाव हिस्सा पुरावा तुम्ही तुमच्या हातानं पुसलात, उरलेल्या तीन ओळींची सरासरी काढलीत आणि त्यातून तो व्यवस्थित आलेख झाला. दर सोमवारी साहेब पडद्यावर लावतात तो हाच आलेख. तो त्यांनी केलेला नाही. टाइल्स विकणाऱ्या माणसाला आउटलायर काढता येत नाही, ते पीएच.डी.वाल्यालाच जमतं. तुमच्या मनात जी शंका आहे, जिच्यासाठी तुम्ही तिसरा हंगाम मागताय, ती त्या वहीत लिहिलेली आहे. तिसऱ्या हंगामातही अशीच एखादी ओळ करपली तर ती वगळणार नाही, असं तुम्ही स्वतःला सांगू शकता का?

मला हे एवढं का लागलं, तेही सांगते. माझा भाऊ मणेराजुरीत द्राक्ष करतो. काही वर्षांपूर्वी त्यानं असंच एक टॉनिक मारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर बागेत होते. पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, बोटांत घेऊन चुरलं की तंबाखूसारखा चुरा पडायचा. पान गेलं तर मण्यात साखर कोण भरणार? त्या वर्षी घड लहान राहिले, व्यापाऱ्यानं दर पाडून मागितला. कंपनीचा माणूस आला, बांधावर उभा राहिला, बागेत शिरलाच नाही. म्हणाला, ‘आमच्या ट्रायलमध्ये असं कुठंही आढळलेलं नाही.’ भाऊ गप्प बसला. मीच पाणी कमी घेतलं असणार, मीच भर उन्हात मारलं असणार, असं म्हणत त्यानं सगळा दोष स्वतःवर घेतला. आजही तो तेच म्हणतो. तुमचं पत्र वाचेपर्यंत मीही त्याच्यावर विश्वास ठेवला होता. आता मला प्रश्न पडलाय की त्या कंपनीच्या ट्रायलमध्येही एखादी ओळ ४ होती का, आणि ती कुणी काढली.

साहेब तुम्हाला म्हणाले, हे स्लाइडमध्ये बसत नाही. तुम्ही बाईंबद्दल म्हणालात, ते पॅरामीटरमध्ये बसत नाही. क्रियापद तेच आहे. साहेबांनी तुमचं ऐकलं नाही म्हणून तुम्ही मला चार पानं लिहिलीत. बाईंनी कुणाला लिहायचं?

तुमच्या प्लॉटवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, फवारत असतील. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना लागतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. मग लोखंडी विळा त्यात बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा, नाहीतर मोकळं तांबं पान जाळतं. हे बोर्डो आलं कुठून ते तुम्ही शिकला असाल. नसाल तर आता नीट ऐका. डावणी अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली १८७८ च्या सुमाराला आणि तिथल्या बागा झडायला लागल्या. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेडॉकमधल्या एका बागेजवळून जात होते. आतल्या वेलींची पानं झडून गेली होती, रस्त्याकडेच्या ओळींची मात्र शाबूत होती आणि त्यांवर निळसर-पांढरा थर दिसत होता. तुमच्या भाषेत सांगायचं तर रस्त्याकडेच्या ओळी आउटलायर होत्या. ते थांबले आणि बागेचा कारभार बघणाऱ्या एर्नेस्त दाव्हिदना त्यांनी विचारलं, हे काय आहे? उत्तर आलं की येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात, ती विषारी वाटावीत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडतो. मिलार्देंनी दाव्हिदना बरोबर घेऊनच पुढचे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. आज सांगली जिल्ह्यातली बाग त्या मिश्रणाशिवाय पावसाळा काढत नाही. हा सगळा शोध न जुळणाऱ्या ओळींतून आणि एका कारभाऱ्याला विचारलेल्या साध्या प्रश्नातून लागला. कारभारी म्हणजे मॅनेजरच, हेही लक्षात घ्या.

आणि चॅलेंजरचं नाव तुम्ही घ्यायला नको होतं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेट बनवणारी कंपनी आणि नासा यांच्या फोनवरच्या बैठकीदरम्यान ‘इंजिनिअरची टोपी काढा आणि मॅनेजमेंटची घाला’ असं सांगितलं गेलं, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी सात माणसं गेली, हेही खरं आहे. पण त्या रात्री उड्डाणाला विरोध करणारा रॉजर बॉइसजोली कशाच्या जोरावर बोलत होता? १९८५ च्या जानेवारीतलं उड्डाण थंडीत झालं होतं. त्याचे बूस्टर, म्हणजे यान वर ढकलणारी रॉकेटं, समुद्रातून परत आणल्यावर त्यानं सांधे स्वतः तपासले होते आणि सांध्यातून गरम वायू निसटू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्यांच्या मधलं ग्रीस काळं पडलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते काळं ग्रीस आलेखात बसत नाही म्हणून त्यानं सोडून दिलं नाही. तुमच्या गोष्टीत काळं ग्रीस पाहणारं माणूस वेगळं आहे. तुम्ही त्या रात्री फोनच्या दुसऱ्या टोकाला होतात.

हे कठोर वाटेल. वाटू दे. तुम्ही माणूस वाईट नाही, ते मला दिसतंय. वाईट माणसानं ते करपल्या पानांचं वाक्य पत्रात लिहिलंच नसतं, आणि बाईंच्या बोलीत, ‘न्हाई’सकट तर नक्कीच नसतं. ते तुमच्या लक्षात राहिलंय, शब्दन्‌शब्द. वर्षभर ते कुठंतरी सलतंय, म्हणून तुम्हाला साहेबांचा एवढा राग येतो. सहा वर्षांत तुम्ही मोजायला उत्तम शिकलात, पण बघायला जाणं हळूहळू सुटलं. ऑफिसच्या एसीत बसून एक्सेलमध्ये ओळ काढायला माउसचं एक बटण पुरतं. बागेत उभं राहून ती ओळ काढता आली नसती, कारण ती तुमच्यासमोर उभी असती. प्लॉटवर शेवटचे कधी गेला होता, ते पत्रात कुठंच नाही.

राजीनामा लिहू नका. डायरेक्टरांना ईमेलही नको. वगळलेल्या ओळीच्या आलेखावर उभं राहून तुम्ही कुणाशीही भांडलात तरी हरणारच आहात.

सोमवारी रिव्ह्यू दहाला आहे. तुम्ही सात वाजता प्लॉटवर असा. चौथ्या ओळीत जाऊन उभे राहा. ती ओळ बांधाला लागून आहे का, फवारणीचा ब्लोअर तिथं वळतो का, वळताना दोनदा मारा होतो का, हे तिथं उभं राहिल्याशिवाय दिसणार नाही. मग बाईंना विचारा: ओळ ४ फवारताना ऊन किती वर आलं होतं? टाकी भरलेली होती की तळाला आली होती? मध्ये चहासाठी थांबला होता का, तेवढ्यात औषध खाली बसलं होतं का? त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी तांब्याचं काही मारलं होतं का? त्या सांगतील. वर्षभर कुणी विचारलेलं नाही, एवढंच. त्या बोलत असताना मोबाइल खिशात ठेवा आणि मध्ये ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का’ करू नका.

गाडीत बसूनच चौथी ओळ सरासरीत परत घाला. आलेख खाली येईल, येऊ द्या. दहा वाजता तोच लावा आणि त्याच्या खाली वहीतलं ते वाक्य जसंच्या तसं लिहा, ‘कडंनं’ सुधारून ‘कडेने’ करू नका. ही ओळ मी काढली होती, ती चूक होती, असं सगळ्यांसमोर म्हणा. साहेब म्हणतील, स्लाइडमध्ये बसत नाही. तुम्ही म्हणा, मग दुसरी स्लाइड करू, पण भर उन्हात मारल्यावर पान जळतं का हे बघितल्याशिवाय ही बाटली मणेराजुरीच्या दुकानात जाणार नाही. या हंगामाच्या प्रयोगाला आता कारण मिळालं आहे. सकाळी सातला दोन ओळी फवारायच्या आणि दुपारी एकला दोन. ‘ठामपणे सांगता येत नाही’ या वाक्यापेक्षा हे साहेबांना लवकर कळेल, कारण एक वाजता फवारणी करणारा शेतकरी त्यांचंच गिऱ्हाईक आहे. वीज रात्रीची, ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, मजूर मिळेल तेव्हा, अशा घाईत आपल्याकडे फवारण्या होतात. लेबलवर एक ओळ असती तर माझा भाऊ थांबला असता.

वही वाचून झाली की बाईंना परत द्या. त्यांचं काम अडायला नको.

आणखी एक. पत्रात साहेबांचा हुद्दा आहे, त्यांची आधीची नोकरी आहे, रिव्ह्यूचा वार आणि वेळ आहे. बाईंचं नाव नाही. अहवालावर नोंदी कुणी केल्या तिथं ते लिहा. माहीत नसेल तर सोमवारी सातला आधी ते विचारा, मग करपलेल्या पानांचं.