तीन स्क्रीन्स छान झाल्या, पण त्यांच्या मधलं काय?

तुझं पत्र दोनदा वाचलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, वर्षभर फिग्मा या डिझाइनच्या टूलवर काम करतेयस, प्रत्येक अ‍ॅपच्या मोबाइल, टॅब आणि डेस्कटॉप अशा तीन स्क्रीन्स बनवतेस, आणि इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत "या दोन रुंदींच्या मधे काय होतं?" असं विचारल्यावर तुला काहीच बोलता आलं नाही. आता विचारतेस की डिझाइन सोडून कोडिंगकडे वळू का, कारण बाबा म्हणतात यात काही राम नाही.

सोडू नकोस गं. उलट त्या प्रश्नाने गाडी नेमकी कुठे अडलीये ते कळलं. तू चित्रं काढतेयस, आणि या कामात ठरवायचे असतात नियम. फोनच्याच रुंदी कितीतरी, त्यात कोणी फोन आडवा धरतं, कोणी अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ लावून उरलेल्या अर्ध्यात तुझं अ‍ॅप वापरतं, कोणी अक्षरं मोठी करून वाचतं, एवढ्या सगळ्यांसाठी वेगळं चित्र कोण काढत बसणार? 2010 मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन, म्हणजे स्क्रीनप्रमाणे आपोआप बदलणारी मांडणी, ही कल्पना मांडली तेव्हा त्यात तीनच गोष्टी होत्या, जागेप्रमाणे पसरणारी-आकसणारी ग्रिड, तशाच इमेज आणि मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीन कशी आहे ते विचारून त्याप्रमाणे लागू होणारे नियम. आता 2023 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये कंटेनर क्वेरीपण चालतात, म्हणजे अख्खी स्क्रीन केवढी आहे ते कार्डाने, म्हणजे एका गोष्टीची माहिती दाखवणाऱ्या चौकटीने, बघायचं कारणच नाही, आपल्या वाट्याला जागा किती आली ते बघून ते स्वतःची मांडणी बदलतं.

तू पाठवलेलं तिकीट बुकिंगचं डिझाइनच घे ना. डेस्कटॉपवर डावीकडे फिल्टर, उजवीकडे एका ओळीत तीन कार्डं, मोबाइलवर एकाखाली एक, छान. आता विंडो 700 पिक्सेलची कर. फिल्टर 280 खातो, उरले 420, त्यात तीन कार्डं म्हणजे एकेकाला जेमतेम 140, गाडीचं नाव तीन ओळींत तुटतं आणि सुटायची वेळ, जी बघायलाच माणूस आलाय, ती पार खाली ढकलली जाते. इथे तू ठरवायचंस: कार्ड 240 पेक्षा बारीक होणार नाही, जागा नसेल तर पुढचं कार्ड खालच्या ओळीत जाईल, आणि दोन कार्डंही शेजारी मावेनाशी झाली की फिल्टर एका बटणामागे जाईल. 280 अधिक दोनदा 240 म्हणजे 760, त्यात मधली मोकळी जागा धर, झाला तुझा ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायची रुंदी! तो कंटेंटमधून निघतो, कुठल्या फोनच्या मॉडेलवरून नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. किती सीट शिल्लक आहेत ते फक्त कार्डावर माऊस नेला की दिसतं. अगं, बोटाला होव्हर, म्हणजे न दाबता नुसतं वर थांबणं, कुठून येणार? होव्हर जमतो का, पॉइंटर माऊससारखा बारीक आहे का बोटासारखा जाड, हे मीडिया क्वेरीने विचारता येतं, ते शिकच, पण रुंद स्क्रीन म्हणजे माऊस असणारच असं धरू नकोस, टचवाले लॅपटॉप असतात आणि टॅबलाही माऊस जोडतात लोक. कामाची माहिती होव्हरमागे लपवायचीच नाही. आणि तुझं बंद करायचं बटण 16 पिक्सेलचं आहे, आपापल्या मापात अ‍ॅपल 44 पॉइंट सांगतं, अँड्रॉइड 48 डीपी, आणि वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या नियमावलीतसुद्धा काही अपवाद सोडले तर किमान 24 पिक्सेल लागतात. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवणारा माणूस डोळ्यासमोर आण, मग ते बटण केवढं हवं ते तुलाच कळेल.

कोडिंगचं म्हणशील तर एचटीएमएल आणि सीएसएस, म्हणजे वेबपानाचा सांगाडा आणि त्याचं रूप लिहायच्या भाषा, हाताने लिहिता आल्याच पाहिजेत, बाकी सावकाश. पुढे तू प्रॉडक्ट डिझायनर हो, फ्रंटएंड डेव्हलपर हो नाहीतर डिझाइन सिस्टिमवर, म्हणजे सगळ्या स्क्रीन्सना लागणाऱ्या सामायिक भागांवर आणि नियमांवर, काम कर, हे तिन्हीकडे लागतं. बाबांना सांग की टूल बदलत राहतं, आधी फोटोशॉप होतं, मग स्केच आलं, आता फिग्मा आहे, पण जागा कमी पडली की आधी काय सोडायचं हे ठरवणारं माणूस प्रत्येक वेळी लागलंच आहे. त्यांची काळजी खोटी नाहीये, नुसती चित्रं काढणाऱ्याला खरंच अवघड जातं.

पुढचे दोन महिने नवीन कोर्स लावू नकोस. हीच एक स्क्रीन फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा साचा, न वापरता बांध. मग विंडो 1280 वरून 320 पर्यंत हळूहळू ओढत ने आणि कुठे काय मोडतं ते वहीत लिही. 1280 वर 400 टक्के झूम कर, तेव्हाही 320 चीच जागा उरते, वाचताना आडवं स्क्रोल करावं लागता कामा नये. माऊस काढून ठेव आणि फक्त कीबोर्ड वापरून तिकीट काढून बघ. सगळा मजकूर मराठीत टाकून बघ, ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात, हे इंग्रजी मजकुरात सहसा लक्षात येत नाही. मोडलं काय, तू ठरवलंस काय आणि का, ही वहीच तुझा पोर्टफोलिओ, पुढच्या इंटरव्ह्यूला तीच घेऊन जा.

बांधून झालं की लिंक पाठव, मी फोनवर उघडेन, अक्षरं सगळ्यात मोठी करून.