कावळा एवढा हुशार, मग घरट्यातलं कोकिळेचं अंडं त्याला ओळखता का येत नाही?

कारण ते ओळखणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. "कावळा मठ्ठ, म्हणून फसतो" हे मी आमच्या दादाच्या तोंडून वीस वर्षं ऐकतेय, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मिरजेला आमच्या घरामागे कडुलिंब होता. गच्चीच्या कठड्यावरून वाकलं की कावळ्याचं घरटं थेट खाली दिसायचं. काटक्या, तांब्याची तार, आत काथ्या. बारावीची परीक्षा संपून मी रिकामी होते. एका सकाळी काळा कुळकुळीत कोकिळ शेजारच्या शेवग्यावर बसून ओरडायला लागला. दोन्ही कावळे त्याच्यामागे धावले. तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची कोकिळा पानांआडून घरट्यात शिरली आणि मिनिटभरात पसार. काल चार अंडी होती, आज पाच. सगळी हिरवट निळी, वर तपकिरी शिंतोडे.

दादा म्हणाला, "ते फिकट आहे ना, तेच." बांबूला पळी बांधली आणि ते अंडं उचललं. कावळ्यांनी त्याच्या डोक्यात चोची मारल्या, हात हलला, अंडं पन्हाळीवर पडून फुटलं. तेरा-चौदा दिवसांनी घरट्यात पहिलं पिल्लू निघालं. ते भराभर वाढलं आणि जूनमध्ये कंपाउंडच्या भिंतीवर बसून कावळीकडे खाणं मागायला लागलं. पंखांवर पांढुरके ठिपके, लांब शेपूट. कोकिळेचंच! म्हणजे दादानं फोडलं ते कावळ्याचं.

भर उजेडात, पाचही अंडी शेजारी शेजारी, कोकिळा येऊन गेल्याचं माहीत, तरी माणूस चुकला. मग कावळीनं काय करावं? चुकली तर स्वतःचं पिल्लू जातं. नक्कल चांगली असेल तिथे न फेकणंच परवडतं.

कोकिळा काही बघून रंग ठरवत नाही. यजमान पक्षी, म्हणजे ज्याच्या घरट्यात अंडं घातलं तो, विजोड अंडं फेकतो, मिसळून गेलेल्यातून पिल्लू निघतं. हजारो पिढ्या हीच चाळणी लागली की नक्कल तयार होते. चातकाचं बघा. आपल्याकडे सातभाईच्या घरट्यात तो निळंशार अंडं घालतो, अगदी सातभाईसारखं. दक्षिण आफ्रिकेत तोच चातक बुलबुलच्या घरट्यात पांढरं घालतो, ते बुलबुलच्या अंड्याशी जुळतही नाही, तरी बुलबुल उबवतो. तिथे यजमान अजून अंडं फेकायला लागलेला नाही.

यजमान जागा झाला की काय होतं ते झांबियात दिसतं. तिथल्या वटवट्यांत प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि नक्षी तिची स्वतःची, सहीसारखी. कुणाची पांढरी, कुणाची निळी, कुणाची तांबूस. त्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कुकू फिंच या पक्ष्यानं कोणाची सही मारायची? पक्ष्यांच्या अभ्यासक क्लेअर स्पॉटिसवूड यांनी चाळीस वर्षांतली अंडी ताडून पाहिली, तर दोन्ही पक्ष्यांच्या अंड्यांचं रूप बदललेलं निघालं. माणसाच्या एका आयुष्यात! याला मठ्ठपणा म्हणायचं?

एक सांगायचं राहिलं. कोकिळा साळुंकीच्या घरट्यातही अंडी घालते, आणि साळुंकीची अंडी बिनठिपक्यांची निळी असतात. तिथे माझं हे नकलेचं स्पष्टीकरण तोकडं पडतं. आणि कृपा करून घरट्याला हात लावू नका, मदत म्हणूनसुद्धा नको.

दादा अजून म्हणतो, कोकिळेची दोन अंडी होती, त्यातलं एक मी बरोबर काढलं. एकाच घरट्यात कोकिळेची एकाहून जास्त अंडी सापडतात, हे खरं आहे. पण कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याहून लहान असतं, आणि तू रंग बघितलास, आकार नाही. दादा, हे वाचलंस तर नीट आठवून सांग, पळीतलं अंडं बाकीच्यांपेक्षा लहान होतं का?