सरकार एका आदेशाने इंटरनेट बंद करू शकतं का? आणि तेव्हा व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून वळसा घालून साइट उघडणारी सोय) चालतो का?

हो, करू शकतं. राज्याचे किंवा केंद्राचे गृहसचिव लेखी आदेश काढतात, तो कंपन्यांकडे जातो आणि त्या भागातल्या टॉवरवरचा मोबाईल डेटा थांबतो. अशा वेळी व्हीपीएनचा काही उपयोग नाही. व्हीपीएन कामाचा असतो तो फक्त ठरावीक साइट अडवलेल्या असतात तेव्हा. रस्ताच उखडला तर आडवाट कुठून काढणार?

इजिप्तमध्ये जानेवारी २०११ मध्ये हेच झालं. इंटरनेट कंपन्यांनी आपल्यापर्यंत पोहोचायचे मार्ग जगाला कळवणंच थांबवलं आणि जवळजवळ अख्खा देश पाचेक दिवस नकाशावरून गायब. आपल्याकडे काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेलं फोर-जी पूर्ण परतलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये.

मधल्या काळात, १० जानेवारी २०२० रोजी, काश्मीरमधल्या याच बंदीविरुद्ध पत्रकार अनुराधा भसीन यांनी दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करावाच लागेल. हे लक्षात ठेवा. गोव्यात उद्या असं काही झालं तर आदेशाची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे.

पण मला जास्त सलतं ते वेगळंच. २०२०च्या ऑनलाइन वर्गांसाठी गोव्याच्या सत्तरी, सांगे तालुक्यांतली मुलं रेंज शोधत डोंगर चढत होती. तिथे कोणाचा आदेश नव्हता, टॉवरच नव्हता. त्याविरुद्ध कोणत्या कोर्टात जायचं?