अहो, मुंबईतच आहे की! – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही विरारला राहतो. मुलीसाठी पनवेलचं स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, घरचेही बरे वाटले. आम्ही म्हटलं जरा लांब पडतं, तर मुलाची आई म्हणाली, "लांब कुठे, मुंबईतच आहे की सगळं." मुलीचं ऑफिस मालाडला आहे आणि नोकरी सोडणार नाही म्हणते. काय करावं?
– एक आई, विरार

उत्तर : नकाशात बघाल तर पनवेल तुम्हाला खरंच जवळ वाटेल, वसई-दिवा-पनवेल अशी सरळ रेल्वेलाईन आहे, पण तिच्यावरून धावतात मालगाड्या आणि कोकणात, दक्षिणेत जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या, आपल्यासाठी मोजक्या मेमू (लोकलसारख्या जवळच्या अंतराच्या गाड्या), एक चुकली की दुसरीची वाट बघत बसा. म्हणजे विरारहून अंधेरीला उतरायचं आणि तिथून हार्बर लाईनची पनवेल लोकल पकडायची, अडीच तास सहज. आपल्याकडच्या लायनी हाताच्या बोटांसारख्या आहेत, सगळ्या खाली मुंबईच्या तळव्यात मिळतात, बोटाच्या टोकावरून शेजारच्या बोटाच्या टोकावर जायची सोयच नाही. ठाणे-बोरिवलीचंच बघा, मध्ये फक्त नॅशनल पार्कचा डोंगर, पण लोकलने जायचं तर दादरला खाली जाऊन परत वर यायचं, नाहीतर घोडबंदरचा वळसा आणि तिथलं ट्रॅफिक (आता डोंगराखालून बोगद्याचं काम चाललंय, होईल तेव्हा होईल). त्यामुळे माहेर-सासर एका मुंबईत हे बोलायला ठीक, मुलगी महिन्यातून एकदा आली तरी खूप, हे मनाशी धरूनच चाला.

पण नोकरीचं म्हणाल तर तेवढं वाईट नाही. हार्बर 2018 पासून गोरेगावपर्यंत जाते आणि पुढचंच स्टेशन मालाड. पनवेलला गाडी सुटते म्हणजे सकाळी बसायला जागा मिळते, आणि दीड तास बसून जाणं आणि पाऊण तास लटकून जाणं यात मी तरी पहिलं घेईन. गोरेगाव किंवा अंधेरीहून थेट पनवेल गाड्या कमी आहेत, तेवढं टाइमटेबल मुलीला आधी बघायला सांगा, नाहीतर वडाळ्याला बदलत बसावं लागेल. आणि मुलगा कुठे कामाला आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत! तो बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) किंवा अंधेरीकडे येत असेल तर दोघांनी मध्ये कुठेतरी, वाशी-नेरुळकडे भाड्याने राहावं, हा विषय लग्नाआधीच काढा, नंतर काढलात तर सासूबाईंना लागेल.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये रोज वाद. डोंबिवलीकर मुंबईकर आहे की नाही?
– डोंबिवली पूर्व

उत्तर : तुम्ही दादरला निघालात की घरी काय सांगता? "मुंबईला चाललोय" असंच ना? आणि पुण्याच्या लग्नात कोणी विचारलं तर "आम्ही मुंबईचे". दोन्ही खरं आहे आणि मला त्यात काही गडबड वाटत नाही. सरकारी कागदावर बघाल तर एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) 1975 पासून या सगळ्याला एकच प्रदेश धरते, पण त्यात महापालिका नऊ, घरपट्टी वेगळी, पाणी वेगळं. लँडलाईनच्या जमान्यात ठाणं आणि वाशी 022 मध्ये, तुम्ही 0251 आणि वसई 0250, त्यावरूनच कोण आतलं कोण बाहेरचं ते कळायचं.

माझं मत विचाराल तर डोंबिवलीला मुंबईची पदवी लागतच नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी गर्दी लोटते ती काय कोणी दादरहून पाठवत नाही. आणि खरं नातं बघायचं तर पाण्यात बघा. भातसा, तानसा, वैतरणा, ही धरणं ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात, पाणी मुंबईच्या नळाला, आणि त्याच पट्ट्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. त्यांना कोणी विचारत नाही तुम्ही मुंबईकर का म्हणून, ग्रुपवर वाद घालायचाच तर यावर घाला.

प्रश्न : मुलाला ऐरोलीत नोकरी लागलीये. आतेभाऊ कल्याणला राहतो, तो म्हणतो माझ्याकडे राहा, जवळच आहे. आम्हाला तिकडचं काही कळत नाही.
– लातूर

उत्तर : आतेभाऊ खोटं बोलत नाहीये. कल्याण ते ठाणे फास्टने वीस-पंचवीस मिनिटं, तिथून ट्रान्सहार्बर लाईनच्या लोकलने ऐरोली दहा मिनिटांच्या आसपास. यात ठाण्याचा पूल आणि जिना येत नाही, तो धरा. सकाळी नऊला ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म गाठणं हे नवीन पोराला पहिला आठवडा जड जाणार, सगळे त्याच जिन्यावर. ठाण्याला न जाता कळव्याहून सरळ ऐरोलीकडे जायचा उन्नत मार्ग व्हायचाय, त्यातलं दिघा गाव स्टेशन 2024 च्या जानेवारीत सुरू झालं, पुढचा जोड मात्र वर्षानुवर्षं लटकलाय, त्यामुळे आज तरी त्याच्या भरवशावर घर घेऊ नका.

सुरुवातीला भावाकडेच राहू दे, कल्याणहून सुटणारी लोकल पकडली तर बसायलाही मिळतं. मग पगार हातात आला की मित्रांबरोबर रबाळे-घणसोलीकडे खोली शेअर करावी. दिवा स्टेशनकडे (कल्याण-ठाण्याच्या मध्ये) भाडं कमी असतं म्हणून कोणी सांगेल, पण तिथे सकाळी गाडीत शिरणं हेच एक काम आहे. शिफ्ट कुठली ते विचारून घ्या, दुपारची असेल तर वर लिहिलेलं निम्मं विसरा.

प्रश्न : अटल सेतू झाल्यापासून सगळे म्हणतात उरण मुंबईला लागलं. आमच्याकडे गाडी नाही, आम्हाला काय फरक पडला?
– उरण

उत्तर : सेतूने फार नाही. 21.8 किलोमीटरचा पूल, पण कारला एका बाजूचा टोल 250 आणि टू-व्हीलरला बंदी, म्हणजे ज्याच्याकडे कार त्याचं उरण जवळ आलं. तुमच्या कामाची गोष्ट सेतूच्याच दिवशी, 12 जानेवारी 2024 ला झाली, लोकल उरणपर्यंत आली, तिचा कौतुकसोहळा तेवढा गाजला नाही एवढंच. नेरुळला बदलून सीएसएमटी गाठता येते. वेळ जास्त लागतो, पण मोरा बंदराहून मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याची लाँच भरती-ओहोटीवर अवलंबून, ओहोटीला गाळामुळे अडते, लोकलला ती भानगड नाही. भाऊच्या धक्क्याच्या आसपासच काम असेल आणि भरती असेल तर मात्र लाँचच बरी.