बाविसाव्या वर्षी जपानी शिकतेय, वय गेलं का?

तुझं पत्र वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तू 22 वर्षांची, बीकॉम झालंय, वर्षभर जपानीचा क्लास केलास, एन4 पास (जपानी भाषेच्या परीक्षेची पातळी, एन5 सगळ्यात सोपी, एन1 सगळ्यात अवघड), आणि ट्रान्सलेटर व्हायचंय. पण दादाची पाच वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर जपानला गेली ती वर्षभरात तिथल्या मुलांशी धडाधड बोलायला लागली, व्हिडिओ कॉलवर आत्याचे उच्चार सुधारते, वर कुणीतरी तुला सांगितलं की बारा वर्षांनंतर मेंदू नवीन भाषा घेत नाही, म्हणून आता विचारतेयस की हे सगळं सोडून एमबीएची तयारी करू का.

एमबीए करायचं तर जरूर कर, पण भाचीमुळे नको गं!

ते बारा वर्षांचं प्रकरण लेनबर्ग नावाच्या संशोधकापासून आलंय, 1967 साली त्याने मांडलं की वयात येईपर्यंत भाषा सहज येते आणि नंतर अवघड होत जातं. त्यात तथ्य आहे, पण लोक त्याचा अर्थ भलताच लावतात. 2018 मध्ये साडेसहा लाखांहून जास्त लोकांच्या ऑनलाइन इंग्रजी टेस्टवरून एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की व्याकरण शिकायची ताकद साधारण 17 वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरते, आणि अगदी तिथे जन्मलेल्यासारखं व्याकरण हवं असेल तर दहाच्या आसपास सुरुवात झालेली बरी. नीट वाच, जन्मलेल्यासारखं. तुला काम करण्याइतकं हवंय, त्याला हा नियम लागत नाही. उच्चारांचं म्हणशील तर ते दार बारा वर्षांच्या कितीतरी आधी लोटलं जातं. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं आपल्या त आणि ट मधला फरक ओळखतात आणि वर्षाची होईपर्यंत तो त्यांना जवळजवळ कळेनासा होतो, हे 1984 मधलं संशोधन आहे. तेव्हा तुझ्या जपानीत आपला हेल राहणारच, राहू दे, ट्रान्सलेटरला लिहायचं असतं.

आता भाची. ती बोलते काय? मला दे, माझा नंबर, तू चीटिंग केलीस. पाच वर्षांच्या मुलीकडून तेवढीच अपेक्षा असते, तुझ्याकडून करारपत्र वाचायची अपेक्षा आहे, म्हणजे दोघींचे पेपरच वेगळे. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषिकांवर 1978 साली एक अभ्यास आला होता, सगळ्यांनी डच शिकायला घेतली, पहिल्या काही महिन्यांत पुढे कोण होतं तर 12 ते 15 ची मुलं आणि मोठी माणसं, तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यात मागे. आणि लहानपणी आलेली भाषा जातेही. कोरियातून तीन ते आठ वर्षांची असताना फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या मुलांना मोठेपणी तपासलं तर कोरियन वाक्यं त्यांना ओळखूसुद्धा येईनात (2003 चा अभ्यास). दादा परत आला आणि घरी कुणी जपानी बोललं नाही तर आत्याच भाचीला शिकवेल असंही होऊ शकतं.

खरा फरक तासांचा आहे. आठवड्याला दोनदा दीड तास, असे वर्षाचे फार तर दीडशे तास झाले तुझे, आणि ती रोज पाच-सहा तास बालवाडीत जपानीत खेळते, भांडते, रडते, म्हणजे हजाराच्या वर गेली. अमेरिकन सरकार परदेशी पाठवायच्या आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांचा जपानीचा अंदाज 2,200 वर्गतासांचा आहे, घरचा अभ्यास वेगळा. घाबरू नकोस, हा आकडा इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीचा आहे. आपल्यासारखंच जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि ला, ने, त सारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, त्यामुळे वाक्यरचनेत तुझा बराच वेळ वाचतो. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, मात्र कुणालाच सुटली नाही, रोजच्या वापराची अधिकृत यादीच 2,136 ची आहे, ती रोज थोडी आणि परत परत याच मार्गाने जाते.

पत्रात तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. तुझं मराठी किंवा इंग्रजी लिखाण कसंय? ट्रान्सलेटर सहसा परक्या भाषेतून आपल्या पक्क्या भाषेत आणतो, त्यामुळे जपानी एन1 असून इंग्रजी लंगडं असेल तर काम मिळत नाही. शिवाय या एन लेव्हलच्या परीक्षांमध्ये बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत, नुसत्या सर्टिफिकेटवर विसंबलीस तर इंटरव्ह्यूत फजिती. आणि हो, पहिला ड्राफ्ट आता मशीन करतं, माणसाला तपासायला बसवतात, मग ताळेबंदातली चूक कोण पकडणार? जिला अकाउंट्स कळतात ती. म्हणून बीकॉम वाया गेलं असं परत म्हणू नकोस.

अकाउंट्समधली साधी नोकरी धर, जपानी सोडू नकोस, एन3 झाल्यावर न थांबता एन2 कडे जा, कारण कामाचं बोलणं बहुतेक तिथून सुरू होतं. बऱ्याच जपानी कंपन्या आपला वार्षिक अहवाल दोन्ही भाषांत फुकट टाकतात. त्यातलं एक पान घे, डिक्शनरी लागली तरी चालेल, स्वतः इंग्रजीत कर आणि मग त्यांच्या इंग्रजीशी ताडून बघ. अशी चार-पाच पानं झाली की त्यातलं एक मला पाठव, खाडाखोडीसकट, आणि हे करताना मजा आली की जीव नकोसा झाला तेही लिही, एमबीएचं काय करायचं ते त्यावर बोलू.